पदवी गावाजवळ आली, पुढे काय?

प्रश्न : माझी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून तिला भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचे आहे. आमच्या तालुक्यातले महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. नातेवाईक म्हणतात, ‘पुण्याला पाठवा, इथे जागोजागी महाविद्यालये झाली आहेत, या पदवीला आता कोण विचारतो?’ पुण्याचा खर्च आम्हाला जड जाईल. विद्यापीठ वाढत गेले तशी पदवीची किंमत खरोखरच घटली का?
— एक पालक, शिराळा

उत्तर : आपल्या नातेवाइकांच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, परंतु त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले, तेव्हा त्याला 34 महाविद्यालये जोडलेली होती आणि विद्यार्थी सुमारे 14 हजार होते. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय 1880 पासूनचे आणि सांगलीचे विलिंग्डन 1919 पासूनचे असले, तरी त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पदवीवर आधी मुंबई आणि पुढे पुणे विद्यापीठाचे नाव असे. पहिले कुलगुरू, इतिहासाचे अभ्यासक डॉ. आप्पासाहेब पवार, यांच्या काळात कोल्हापूरच्या माळरानावर उभे राहिलेले हे विद्यापीठ पुढे दोन दिशांनी वाढले. एक वाढ आवारातली, म्हणजे पदव्युत्तर विभाग, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांची. दुसरी वाढ तालुक्यातालुक्यात निघालेल्या संलग्न महाविद्यालयांची. वैद्यकीय शिक्षण 1998 मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले आणि 2004 मध्ये सोलापूर जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले, तरीही संलग्न संस्थांची संख्या आज तीनशेच्या आसपास आहे.

ही दुसरी वाढ मी कमी लेखणार नाही. घरातली पहिली पदवीधर होणारी मुलगी एस.टी.च्या पासावर सकाळी महाविद्यालयात जाऊन दुपारी घरी परतू शकली, म्हणूनच ती शिकली. कोल्हापूरला किंवा पुण्याला राहण्याची सोय करावी लागली असती, तर अशा हजारो मुलींचे शिक्षण बारावीलाच थांबले असते.

मात्र विद्यापीठ स्थापन झाले त्या काळात पदवीधरासमोरची परिस्थिती निराळी होती. त्याच वर्षी, 1 मे 1962 रोजी, जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांच्या शाळा खेडोपाडी निघत होत्या, सहकारी साखर कारखाने उभे राहत होते, आणि 1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखा ग्रामीण भागात पसरल्या. या सर्वांना पदवीधर माणसे हवी होती, आणि ती थोडी असल्यामुळे पदवी कोणत्या विषयातली आहे किंवा ती घेताना विद्यार्थ्याने हाताने काय केले, हे फारसे कोणी विचारत नसे. पुढे या जागांची वाढ मंदावली, महाविद्यालयांची मात्र चालूच राहिली. त्यामुळे केवळ दुर्मीळ असल्याने पदवीला येणारी किंमत घटली हे खरे आहे, पण ती पुण्यातही घटली आहे. शहर बदलल्याने ती परत येत नाही.

किंमत टिकून राहिली ती जिथे एखाद्या विषयात सातत्याने काम होत आले तिथे, आणि याचे उत्तम उदाहरण आपल्या मुलीच्याच विषयात आहे. शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग पातळ थरांच्या, म्हणजे ‘थिन फिल्म’च्या, संशोधनासाठी ओळखला जातो. काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर एखाद्या पदार्थाचा अतिशय पातळ थर चढवायचा आणि त्यापासून सौरघट, वायुसंवेदक किंवा विद्युतभार साठवणारी साधने बनवायची, असे हे काम आहे. थर चढवण्याच्या अनेक पद्धतींना महागडी निर्वात यंत्रणा लागते. येथे मात्र रासायनिक द्रावणात काच बुडवून किंवा तापवलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून थर मिळवण्याच्या पद्धतींवर भर दिला गेला. त्यांना खर्च कमी लागतो. तापमान, द्रावणाची आम्लता आणि वेळ यांवर मात्र बारीक लक्ष ठेवावे लागते. मर्यादित निधीच्या विद्यापीठाने आपल्याला झेपेल असा विषय निवडला आणि पिढ्यानपिढ्या विद्यार्थ्यांकडून त्यावर काम करून घेतले. त्यातून तयार झालेले अनेक संशोधक दक्षिण कोरियातील विद्यापीठांत पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी गेले आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांना तो मार्ग सोपा झाला. त्यांतले कितीतरी जण अशाच तालुक्याच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. झालेले होते. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

म्हणून माझा सल्ला असा की, मुलीला बी.एस्सी. जवळच्या महाविद्यालयातच करू द्यावी, पण प्रवेशापूर्वी स्वतः तेथे जाऊन चौकशी करावी. भौतिकशास्त्राला पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत आणि तासिका तत्त्वावर किती जण शिकवतात, हे आधी विचारावे. तासिकेवरचे शिक्षक बहुधा तळमळीने शिकवतात, पण वर्षअखेरीस आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडून विद्यार्थ्याला दीर्घकाळ हाताशी धरण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि रिक्त पदे वर्षानुवर्षे न भरणे ही या विस्तारातली सर्वांत मोठी उणीव मला वाटते. प्रात्यक्षिके प्रत्येक विद्यार्थी स्वतः करतो की पाच-सहा जणांच्या गटात एकच करतो, हेही पाहावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी मिळवता येते, आणि अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचा भाग आहे. तो अनुभव कोणत्या कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत दिला जातो, याचे नेमके उत्तर महाविद्यालयाला देता आले नाही, तर तो कागदावरच राहतो असे समजावे. पुण्यावर होणारा खर्च राखून ठेवून तो मुलीच्या एम.एस्सी.साठी वापरावा, कोल्हापूरच्या विद्यापीठ आवारातील प्रवेशपरीक्षेची तयारी तिने शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीपासूनच करावी.

प्रश्न : मी 1998 मध्ये सोलापुरातून बी.कॉम. झालो. परदेशातील नोकरीसाठी गुणपत्रकांचा अधिकृत उतारा हवा आहे. आता सोलापूरला वेगळे विद्यापीठ आहे, तर अर्ज कोठे करावा?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली पदवी शिवाजी विद्यापीठाची आहे आणि तशीच राहील, त्यामुळे अर्ज कोल्हापूरला, परीक्षा विभागाकडे करावा. सर्व वर्षांच्या गुणपत्रकांच्या आणि पदवी प्रमाणपत्राच्या प्रती सोबत जोडाव्यात.

प्रश्न : अर्थशास्त्रात बी.ए. होऊन मला चार वर्षे झाली. तेव्हापासून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत आहे. आता घरी तोंड दाखवायला संकोच वाटतो. या पदवीवर दुसरे काही करता येईल का?
— एक पदवीधर, सातारा

उत्तर : संकोच बाळगू नये. जागा थोड्या आणि उमेदवार लाखोंनी अशा परीक्षेत निवड न होणे हा आपल्या बुद्धीवरचा निकाल नव्हे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तिच्यासाठी पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर तो कोणत्या वर्षापर्यंत करायचा, हे आजच घरच्यांसमोर ठरवावे आणि त्याच काळात दुसरे काम सुरू करावे.

आपल्या भागात पतसंस्था, दूध संघ, विकास सेवा सोसायट्या आणि सहकारी बँका मोठ्या संख्येने आहेत, आणि या संस्थांचे हिशेब तपासणाऱ्या माणसांची गरज दरवर्षी असते. सहकार खात्यातर्फे घेतली जाणारी जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि लेखा विषयांतली शासकीय पदविका) ही परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. तिच्यात लेखाशास्त्र, लेखापरीक्षण, सहकारी कायदा आणि बँकिंग असे विषय असतात आणि उत्तरे मराठीत लिहिता येतात. उत्तीर्ण झाल्यावर अनुभवाची अट पूर्ण केली की लेखापरीक्षकांच्या पॅनेलवर येण्यासाठी अर्ज करता येतो. अर्थशास्त्र झालेले असल्यामुळे आपल्याला हे विषय परके वाटणार नाहीत, फक्त लेखाशास्त्र पायापासून शिकावे लागेल. त्यासाठी जवळच्या एखाद्या लेखापरीक्षकाच्या कार्यालयात काही महिने मदतनीस म्हणून काम मिळते का, याची चौकशी करावी. तेथे सुरुवातीला मोबदला कमी मिळेल, पण सोसायटीचे दप्तर प्रत्यक्ष हाताळायला मिळेल आणि परीक्षेतील निम्मी धास्ती तिथेच जाईल.