दहावीतली मुलगी समीकरणं झटपट सोडवते, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडते. काय करावं?

सर्वात आधी, सोडवायला आणखी समीकरणं देणं थांबवा. लोप, आलेख, क्रेमर या सगळ्या पद्धती समीकरण मांडून झाल्यावरच्या. तुमच्या मुलीचं घोडं त्याआधीच अडतंय.

मी शिकवणीत मुलांना आधी एक उत्तर ठोकून द्यायला सांगतो. चुकीचं असलं तरी चालेल, पण ते चुकीचं का, हे मात्र कागदावर दाखवायचं.

उदाहरणार्थ, 5 वर्षांपूर्वी आईचं वय मुलाच्या वयाच्या 7 पट होतं. 5 वर्षांनी ते 3 पट होईल. आजची वयं काढा.

ठोका: आई 36, मुलगा 8. पाच वर्षांपूर्वी आई 36 − 5, मुलगा 8 − 5. मग 36 − 5 हे 7 × (8 − 5) एवढं आहे का? 31 आणि 21, नाही जमलं. पण ही ओळ खोडू नका. तिच्यात 36 च्या जागी x आणि 8 च्या जागी y लिहा:

x − 5 = 7(y − 5)

झालं की पहिलं समीकरण! दुसरं वाक्यही तसंच: x + 5 = 3(y + 5). आवरून घेतलं की x − 7y = −30 आणि x − 3y = 10. वजाबाकी केली की 4y = 40. मुलगा 10, आई 40.

नेहमीच्या दोन चुका यातच उघड्या पडतात. एक म्हणजे ‘7 पट’ वाचून 7 हा आईच्या वयाला चिकटवणं. आकडे समोर असले की लहान वयालाच 7 ने गुणायचं, हे पोरांना आपोआप दिसतं. दुसरी, फक्त आईचं वय कमी करून मुलाला आहे तिथेच ठेवणं.

सुरुवातीला ‘x = आई’ लिहू देऊ नका. ‘आईचं आजचं वय x वर्षे’ असं पूर्ण वाक्य हवं. निम्मा गोंधळ ‘आजचं’ हा शब्द गाळल्यामुळे होतो.

अंकांच्या उदाहरणात दशक स्थानी x, एकक स्थानी y असेल तर संख्या 10x + y. नुसतं xy लिहिलं तर तो गुणाकार. होडीच्या गणितात संथ पाण्यातला होडीचा वेग x आणि प्रवाहाचा वेग y धरला, तर प्रवाहाबरोबर वेग x + y, उलट x − y. बाकी सगळं, वेळ म्हणजे अंतर भागिले वेग.

पडताळा मात्र मूळ वाक्यांत घ्यायचा, स्वतः मांडलेल्या समीकरणात नाही. मांडणीच चुकली असेल तर चुकीचं उत्तरही त्या समीकरणात अगदी चपखल बसतं. वर 35 हे 5 च्या 7 पट, 45 हे 15 च्या 3 पट. आणि ‘अंकांतील फरक 4, संख्या व अंकांची अदलाबदल करून येणारी संख्या यांची बेरीज 132’ असं आलं, तर 84 आणि 48 दोन्ही बसतात. कोणता अंक मोठा हे दिलेलं नसेल, तर दोन्ही उत्तरं लिहायची.