सिग्नलला थांबल्यावरच काटा चढत असेल, तर आधी पंखा बघा

तुम्ही लिहिलंय की गाडी सिग्नलला किंवा गर्दीत थांबली की तापमानाचा काटा वर सरकतो आणि रस्ता मोकळा मिळाला की परत मधोमध येतो. मेकॅनिकने ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ असं सांगितलंय, तर घरी आणखी काय तपासता येईल, असं तुम्ही विचारलंय. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप. थर्मोस्टॅटला कृपया अजून हात लावू नका. तुमच्या लक्षणात त्याचा दोष असण्याची शक्यता फार कमी आहे.

इंजिन केव्हा तापतं, यातच अर्धं निदान असतं. गाडी वेगात असताना समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो. थांबली की ते काम एकट्या पंख्यावर येतं. म्हणून तुमच्या गाडीत एक तर पंखा फिरत नाही, किंवा त्याने ओढलेली हवा जाळीतून पार होत नाही. याउलट हायवेवर किंवा चढावर तापणाऱ्या गाडीत आतून चोंदलेला रेडिएटर, कमी झालेलं कूलंट किंवा वॉटर पंप यांच्यावर संशय घ्यावा लागतो. बंद स्थितीत अडकलेला थर्मोस्टॅट तर मोकळ्या रस्त्यावरही सवलत देत नाही. गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा लालकडे जातो. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चटका देतो आणि खालचा गारच राहतो.

तपासणीला सुरुवात इंजिन पूर्ण थंड असताना करा, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर केली तर उत्तम. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं, त्यामुळे ते 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की क्षणात त्याची वाफ होते आणि उकळतं पाणी तोंडावर, हातांवर उडतं. इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांचा पंखा अचानक सुरू होतो, त्यामुळे बोटं, बाही, ओढणी त्याच्यापासून लांब ठेवा.

आधी कूलंटच्या टाकीतली पातळी खुणांच्या मध्ये आहे ना ते बघा. मग गाडी मोकळ्या जागी सुरू करा, एसी लावा आणि बॉनेट उघडून पंख्याकडे बघा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की पंखा फिरायलाच हवा. फिरला, तर मोटर जिवंत आहे. मग एसी बंद करून गाडी तशीच उभी ठेवा आणि काटा नेहमीच्या जागेच्या थोडा वर जाईपर्यंत थांबा. आता पंखा लागत नसेल तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर तपासायची. एसीवरही पंखा हलला नाही, तर गाडी बंद करून फ्यूज बघा, मग रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच). पंख्याच्या रिलेवर जो क्रमांक असतो तोच हॉर्नच्या रिलेवर असेल तर दोन्हींची अदलाबदल करा. पंखा फिरू लागला तर दोष सापडला. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तोही उडाला तर मोठा घालण्याचा मोह टाळा: मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी घासली आहे, आणि मोठ्या फ्यूजने आग लागू शकते.

मी स्वतः असाच सल्ला ऐकून थर्मोस्टॅट काढला होता. काटा मोकळ्या रस्त्यावर तळाला जाऊन बसला, पेट्रोल जास्त लागू लागलं आणि गर्दीत गाडी पूर्वीसारखीच तापत राहिली. शेवटी एका रविवारी पंख्याच्या मोटरचा कनेक्टर उपसून बघितला. पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी झालं होतं आणि आतली पिन काळी पडून सैल झाली होती. तोच कनेक्टर दाबून धरला की पंखा फिरायचा, सोडला की थांबायचा. थर्मोस्टॅटचा त्यात काही संबंध नव्हता. म्हणून तुम्हालाही सांगतो, फ्यूज आणि रिले ठीक असतील तर बॅटरी सोडवून हा कनेक्टर नक्की काढून बघा.

थर्मोस्टॅट काढल्याने नुकसान होतं, कारण इंजिन गरम होऊ न देणं हे कूलंटचं काम नाही. ठरलेल्या तापमानावर ठेवणं हे आहे. बहुतेक थर्मोस्टॅट 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडायला लागतात. तो नसला की इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर तोच बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर गरम कूलंट रेडिएटर टाळून परत इंजिनात शिरतं.

पंखा व्यवस्थित फिरतोय, तरी तापतेय? मग रेडिएटर आणि त्याच्यापुढचा एसीचा कंडेन्सर यांच्या फटीत टॉर्च मारा. धूळ, चिखल, किडे बसून जाड थर होतो आणि तो बाहेरून दिसत नाही. साध्या पाईपने, आतून बाहेरच्या बाजूला, हळू पाणी मारा. जोराच्या फवाऱ्याने पातळ पाती वाकतात. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही बघा. कडक झालं असेल किंवा त्याला तडे असतील तर दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. ही स्वस्तातली वस्तू आहे, पण तिच्यामुळे मोठी मोठी दुरुस्ती झालेल्या गाड्या मी बघितल्या आहेत.

एका गोष्टीसाठी मात्र घरी प्रयोग करू नका. कूलंट कुठेच गळत नाही तरी पातळी घटतेय, सायलेन्सरमधून गरम इंजिनातही गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ लोणी जमलंय, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यातल्या सीलचा) संशय घ्या. अशी गाडी चालवू नका, टो करून न्या.

दोष सापडेपर्यंत गर्दीत काटा चढलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावा. तो इंजिनातली उष्णता ओढून घेतो. लालजवळ गेला की बाजूला थांबून इंजिन बंद करा आणि त्यावर गार पाणी ओतू नका, हेड तडकू शकतं. भर घालायची तर थंड झाल्यावर, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं मिश्रण घाला. सांडलेलं लगेच पुसा, कुत्र्या-मांजरांना ते विषारी असतं.

एसी लावल्यावर पंखा फिरला का, एवढं आधी बघून कळवा. पुढे कुठे हात घालायचा ते त्यावर ठरेल.