फाइल तोंडी मागू नका, पोच घ्या

ताई, आईच्या स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन मिरजेत झालं, पुण्याचे डॉक्टर पूर्ण फाइल मागताहेत, आणि कवठेमहांकाळहून सहा सोमवार हेलपाटे घालूनही "साहेबांची सही राहिलीय" एवढंच उत्तर मिळतंय. वाचून जीव कळवळला. आधी एक करा. हातातलं डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट आजच पुण्याला पाठवा. फाइलपायी पुढचे उपचार अडायला नकोत.

आमचं घर सांगलीत, गावभागात. ऑगस्ट २०१९च्या महापुरात वडिलांच्या अँजिओप्लास्टीचे सगळे कागद भिजून लगदा झाले. डिसेंबरात त्यांच्या छातीत पुन्हा दुखू लागलं, नव्या डॉक्टरांनी स्टेंट कुठे आणि कोणता बसवलाय ते विचारलं, आणि मी पाच आठवडे जुन्या हॉस्पिटलच्या काउंटरवर उभा. कधी फाइल बिलिंगला गेलेली, कधी मेडिक्लेमच्या टेबलावर, कधी रेकॉर्ड रूमचा माणूस रजेवर. शेवटी तिथल्याच एका सिस्टरनी विचारलं, "दादा, तुमचा अर्ज कुठाय?" अर्ज नव्हताच. माझी मागणी कुठल्याच रजिस्टरला नव्हती, मग उशीर झाला हे दाखवणार तरी कशावरून? दुसऱ्या दिवशी अर्ज दिला, माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. चौथ्या दिवशी झेरॉक्स मिळाल्या. अँजिओग्राफीची सीडी वेगळी मागावी लागली, तिला आणखी आठ दिवस गेले.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले की पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. टाळाटाळ केली तर ते डॉक्टरचं गैरवर्तन ठरतं, त्याची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. "गोपनीय आहे" हे कारण मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच अमान्य केलंय. मिरज महापालिकेच्या हद्दीत आहे, तेव्हा पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही लिहिता येईल. मात्र पहिल्याच दिवशी तक्रारीची भाषा करू नका. काउंटरवरची मुलं हुकमाची ताबेदार असतात, त्यांच्यावर राग काढून फाइल हलत नाही.

अर्ज आईच्या सहीचा हवा. सोबत तुमच्या नावाचं अधिकारपत्र आणि दोघींची आधार झेरॉक्स जोडा. आयपीडी नंबर (भरती करताना मिळालेला) आणि भरतीची तारीख लिहा. नुसतं "फाइल" लिहिलंत तर डिस्चार्ज समरी देऊन बोळवण करतील. इनडोअर केसपेपर, ऑपरेशन नोट्स, नर्सिंग चार्ट, सगळे रिपोर्ट, स्कॅनची सीडी असं एकेक नाव घालून मागा.

आणि गाठीच्या तपासणीची स्लाइड (काचपट्टी) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) विसरू नका. तुमच्या आईच्या बाबतीत पुण्यात बहुतेक तेच आधी बघतील. ते फाइलमध्ये नसतात, पॅथॉलॉजी लॅबकडे असतात, म्हणून लॅबला स्वतंत्र अर्ज द्या. मेण उष्णतेने वितळतं. नेताना उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, आणि पुण्यात देताना त्याचीही पोच घ्या.