डस्टर आपटलं की तो बाकाखाली जातो

"मॅडम, मी डीएड केलंय, मानसशास्त्र नाही. ह्या एकाला सांभाळू की बाकीच्या ४२ जणांना शिकवू?" सहावीच्या एका वर्गशिक्षिकेचा हा प्रश्न. असाच प्रश्न घेऊन बरेच शिक्षक येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा आजीकडे राहणारा. वर्ग गप्प करायला बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं की तो बाकाखाली शिरायचा, नाहीतर शेजाऱ्याला ढकलून बाहेर पळायचा. शाळेत त्याचं नाव 'नाटक्या' पडलं होतं.

आजी म्हणाली, "बाप पिऊन आला की आधी दार आपटायचा." ज्या आवाजामागून मार यायचा, तो आवाज झाला की आधी अंग पळतं, विचार मागून येतो. मग 'असं का केलंस?' याचं उत्तर त्याच्यापाशीही नसतं.

मी दोन दिवस वर्गात बसले. त्रास देतो म्हणून त्याला पहिल्या बाकावर ठेवलेलं, आणि दार त्याच्या पाठीमागे! कुणी आत आलं की मान वळायची, आणि बोलणी बसायची. आम्ही त्याला मागच्या भिंतीला टेकून बसवलं, जिथून दार दिसतं. बाई डस्टर सोडून हात वर करून थांबू लागल्या. पहिला आठवडा वर्गाने अजिबात दाद दिली नाही. तास बदलणार असेल, साहेब येणार असतील, तर त्याला आधी सांगायचं. फारच घाबरल्यासारखं झालं तर त्याने कंपासपेटी उलटी ठेवायची आणि न विचारता पाणी पिऊन यायचं.

"बाकीचे फायदा घेतील ना?" घेतला. दोघांनी चार दिवस पेट्या उलट्या ठेवल्या, मग पाणी पिऊन कंटाळले.

"त्याला बोलतं करू का?" नको. खणून काढणं शिक्षकाचं काम नाही. आपणहून बोलला तर ऐकायचं, पण 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

दिवाळीनंतर बाईंचा फोन आला. "परवा माझ्याच हातून डस्टर पडलं. दचकला, दाराकडे बघितलं, मग उचलून आणून दिलं. अपूर्णांक मात्र अजून येत नाहीत हो."