वाचकांचे प्रश्न: सापडलेला मूकपट

लॉरेल-हार्डीचा ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ सापडला म्हणतात, तरी मध्येच स्थिरचित्रं का येतात?

दोन रिळांचा हा १९२७चा विनोदपट. त्यातल्या क्रीम-पायच्या (क्रीम थापलेल्या गोड पदार्थाच्या) मारामारीचा काही भाग १९५७च्या एका संकलनपटात घेतला होता, म्हणून बरीच वर्षं तेवढाच पाहायला मिळे. पहिलं रीळ १९७०च्या दशकात हाती आलं, दुसरं अख्खं रीळ २०१५मध्ये एका संग्राहकाकडे निघालं. पहिल्या रिळाच्या शेवटचा, विमा एजंटकडून लॉरेलचा अपघात विमा उतरवण्याचा प्रसंग मात्र अजून बेपत्ता आहे. तो सरळ गाळला तर हार्डी केळ्याची साल लॉरेलच्या पायाखाली का टाकतो, हेच कळणार नाही. म्हणून तिथे स्थिरचित्रं.

माझ्याकडच्या प्रतीत सगळे धावतच सुटलेले दिसतात. मूळ वेग कसा ओळखायचा?

३५ मिमी रुंद फिल्मच्या १००० फुटांत १६,००० फ्रेम (एकेक चित्रं) असतात. सेकंदाला १६ने चालवल्या तर १६ मिनिटं ४० सेकंद लागतात, २४ने ११ मिनिटं ७ सेकंद. कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवत, त्यामुळे वेग दृश्यागणिक बदलतो. त्यातून विनोदपटात पाठलाग मुद्दाम हँडल हळू फिरवून टिपत, पडद्यावर तो सुसाट दिसावा म्हणून. तेव्हा पाठलाग बघून वेग ठरवू नका. कुणी खुर्चीवर बसतोय, टोपी खाली पडतेय, असे साधे शॉट १८, २०, २२ने लावून बघा. टोपी कधी खोटं बोलत नाही.

सेकंदाला १८ फ्रेमची फिल्म आजच्या नेहमीच्या २४च्या वेगाला आणताना दर तिसरी फ्रेम दोनदा येते आणि घसरून पडणारा माणूस हवेत अडखळतो. २०ला दर पाचवीच दोनदा येते, पण हिसका तरी जाणवतोच. डिजिटल प्रतीत १६, १८, २० हे वेग थेट ठेवता येतात, फक्त थिएटरचा सर्व्हर (चित्रपट चालवणारा संगणक) ते घेतो का हे आधी चालवून बघावं.

ओरखडे गेले, तरी विनोद फसतो. असं का?

फिल्म तुटली की थिएटरचा ऑपरेटर दोन्ही बाजूंच्या एकदोन फ्रेम कापून जोड मारी. क्रीम-पाय हातातून सुटला आणि पुढच्याच फ्रेमला तोंड पांढरं! तीन फ्रेम म्हणजे २०च्या वेगाला जेमतेम ०.१५ सेकंद, पण नेमका फटका तिथेच होता. दुसऱ्या प्रतीतून त्या फ्रेम घ्याव्यात. परदेशी प्रत असेल तर जपून, कारण ती अनेकदा शेजारच्या दुसऱ्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हवरून निघालेली असते आणि कोन जुळत नाही. संगणकानं रचलेल्या फ्रेमपेक्षा उघडी उडी परवडली, असं आमचं मत.

जुन्या डब्यात ३५ मिमीचं रीळ मिळालं. लावून बघू?

नको. कडेला ‘नायट्रेट’ (झटकन पेटणाऱ्या जुन्या फिल्मचा प्रकार) छापलंय का ते बघा. ही फिल्म पेटली तर पाण्याखालीही जळते. व्हिनेगरसारखा वास आला तर ती अ‍ॅसिटेट, म्हणजे तशी न पेटणारी दुसऱ्या प्रकारची फिल्म. आकसणं मोजायचं असेल तर कडेच्या भोकांमधली १०० अंतरं मोजा: नव्या फिल्मला ती ४७५ मिमी भरतात. ४७० भरली म्हणजे आकसणं एक टक्क्याच्या वर गेलं, ती फिल्म प्रोजेक्टरच्या दातेरी चाकावर फाटू शकते. डबा गार, कोरड्या जागी, ठिणगीपासून लांब ठेवा, हवाबंद करू नका आणि साध्या पोस्टानं पाठवू नका. आधी फिल्म संग्रहालयाला कळवा.