घर आणि मांडणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे डोंबिवलीत वन बीएचके घर आहे. दिवाणखाना १० फूट बाय १४ फुटांचा असून एका लांब भिंतीला सोफा आहे, तर समोरच्या भिंतीची साधारण ८ फूट जागा मोकळी आहे. घरात आम्ही दोघे, नववीतला मुलगा आणि सासूबाई. गुडघेदुखीमुळे सासूबाईंना आता पाटावर बसून जेवता येत नाही. सुतार भिंतीला बिजागऱ्यांवर दुमडणारी फळी लावून देतो म्हणतात, आणि यजमानांचा कल दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या तयार टेबलाकडे आहे. इमारतीच्या भिंती हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या आहेत. काय घ्यावे? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती भिंतीच्या ब्लॉकची आणि सासूबाईंच्या गुडघ्यांची आहे, त्यामुळे जागेच्या हिशेबाकडे मी नंतर वळते. गुडघे दुखणारी व्यक्ती खुर्चीतून उठताना दोन्ही तळवे टेबलाच्या कडेवर टेकवते आणि अंगाचा बराचसा भार हातांवर घेते, हे तुम्ही रोज पाहत असाल. भिंतीतून ६० सेंटीमीटर पुढे आलेल्या फळीच्या टोकावर असा ३० किलोचा भार पडला आणि खालचे ब्रॅकेट ३० सेंटीमीटर उंचीचे असले, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपटणारी ओढ दुप्पट, म्हणजे सुमारे ६० किलोची होते. पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत योग्य बोल्ट बसवल्यास ती पेलता येते. तुम्ही वर्णन केलेले ब्लॉक बहुधा एएसीचे, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचे असावेत. ते आतून सच्छिद्र असतात आणि साधा प्लास्टिकचा प्लग त्यांत हळूहळू सैल होत जातो. भिंत कशाची आहे याची खात्री ड्रिलच्या भुकटीवरून होते : विटेची भुकटी लाल पडते, काँक्रीटमध्ये ड्रिल अडखळते आणि राखाडी पूड निघते, एएसीमध्ये मात्र ते लोण्यात सुरी जावी तसे आत जाते आणि पांढुरकी, हलकी पूड पडते. अशा भिंतीसाठी वेगळे प्लग आणि रासायनिक अँकर (भोकात चिकटद्रव्य भरून बसवायचे बोल्ट) मिळतात. पण वयस्कर माणूस रोज ज्यावर भार टाकणार, ती वस्तू केवळ भिंतीच्या भरवशावर ठेवावी असे मला वाटत नाही. सुतारांना फळी लावायचीच असेल, तर तिच्या पुढच्या कडेला जमिनीवर टेकणारा दुमडता पाय मागून घ्या. शिवाय भिंतीलगतच्या ९० बाय ६० सेंटीमीटरच्या फळीवर जेमतेम तिघे बसतात, आणि चौथ्याचे ताट मांडीवर येते.

म्हणून माझे मत यजमानांच्या बाजूने आहे. मधला अरुंद भाग स्थिर, दोन्ही बाजूंना खाली लोंबणाऱ्या फळ्या आणि फळी उचलली की फाटकासारखा फिरून तिच्याखाली येणारा पाय, अशा टेबलाला गेटलेग म्हणतात. मधला भाग २५ सेंटीमीटरचा, प्रत्येक फळी ६० सेंटीमीटरची आणि रुंदी ८० सेंटीमीटर धरू. मिटवल्यावर ते भिंतीलगत एखाद्या अरुंद कपाटाएवढी जागा घेते. एक फळी उघडली की ८५ बाय ८० सेंटीमीटरवर तिघे जेवतात. दोन्ही उघडल्या की १४५ सेंटीमीटर लांबीवर चौघे ऐसपैस बसतात. माणशी ६० सेंटीमीटर कड आणि ४० सेंटीमीटर खोली मिळाली, तर ताट, वाटी आणि भांडे एकमेकांना धक्का देत नाहीत.

आता जागा. खुर्ची मागे सरकवून उठायला किमान ७५ सेंटीमीटर लागतात. एक फळी उघडी असताना दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांसह भिंतीलगत २३० सेंटीमीटर लागतील, आणि तुमची ८ फूट जागा म्हणजे सुमारे २४४ सेंटीमीटर. समोरच्या दिशेने टेबल आणि टोकाची खुर्ची मिळून १६० सेंटीमीटर जातात. सोफा ८५ सेंटीमीटर खोल असेल, तर मधे जायला-यायला दोन फूट उरतात. रात्री चौघांसाठी टेबल भिंतीपासून ओढावे लागेल, तेव्हा ही वाटही बंद होईल. तेवढा वेळ ते चालते, पण आधी पारखून घ्या : खडूने फरशीवर टेबलाची आणि खुर्च्यांची रेघ आखा आणि आठवडाभर तिच्या कडेने वावरून पाहा. टीपॉय हलवल्याशिवाय फळी उघडत नसेल, तर महिन्याभरात ती उघडणे बंद होते आणि टेबलावर इस्त्रीचे कपडे साचतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

दुकानात गेल्यावर विक्रेत्याला उघडून दाखवू देऊ नका, स्वतः एका हाताने उघडा. फिरणारा पाय फळीच्या बाहेरच्या अर्ध्या भागात टेकतो ना, ते खाली वाकून पाहा. तो बिजागरीजवळच थांबत असेल, तर कोपऱ्यावर हात टेकताच टेबल कलंडते. मग कोपरा धरून हलवा : मुलगा त्यावर लिहिणार असेल, तर तिथली थरथर अक्षरात उतरते.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ हे लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड स्वस्त पडतात, पण ओल्या फडक्याने रोज पुसल्या जाणाऱ्या आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत राहणाऱ्या टेबलाच्या कडा त्यांत फुगतात. बजेट परवडत असेल तर १८ मिलिमीटरचे प्लायवूड घ्या (आयएस ७१० हे मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचे मानक आहे) आणि चारही कडा एज बँडिंगने, म्हणजे कडेवर चिकटवलेल्या पट्टीने बंद आहेत की नाहीत, हे बोट फिरवून तपासा.

खुर्च्यांपैकी तीन दुमडत्या चालतील. सासूबाईंची मात्र न दुमडणारी, हातांची घ्या. बैठक जमिनीपासून ४५ सेंटीमीटर, टेबल ७५ सेंटीमीटर आणि खुर्चीचे हात ६५ सेंटीमीटरच्या आत असले, तर खुर्ची टेबलाखाली नीट सरकते, आणि उठताना त्यांचे तळवे टेबलाऐवजी खुर्चीच्या हातांवर टेकतील.