वाचकांचे प्रश्न : ढाल, मानचिन्ह आणि राजमुद्रा

प्रश्न : परदेशात हेराल्ड्री (ढालीवरच्या कुलचिन्हांचा अभ्यास) सोसायट्या असतात, त्या नेमके काय करतात? कोल्हापुरात असा अभ्यासगट काढायचा तर सुरुवात कुठून करावी? (वाचक, शाहूपुरी)

उत्तर : ब्रिटनमधली हेराल्ड्री सोसायटी १९४७ साली जॉन ब्रुक-लिटल यांनी सुरू केली. व्याख्याने, जुन्या वास्तूंच्या भेटी, नियतकालिक आणि परीक्षा ही तिची कामे. कुणाला चिन्ह बहाल करण्याचा अधिकार तिला नाही. तो इंग्लंडमध्ये १४८४ साली सनद मिळालेल्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे आहे. तुमच्या गटानेही चिन्हे वाटत बसू नये. आहेत त्यांची नोंद करावी. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी विलीन झाले, म्हणजे संस्थानी चिन्हाची अगदी शेवटची सरकारी वस्तूही आता पाऊणशे वर्षांची आहे. फाटकांची जाळी गंजतात, पदके आटवली जातात, सनदा रद्दीत जातात. म्हणून हे काम लवकर व्हायला हवे.

प्रत्येक चिन्हामागे एक कार्ड करा : ठिकाण, वस्तू, साहित्य (दगड, बिडाचे ओतकाम, चांदी, कागद), मापे, पाहिल्याची तारीख, अक्षरे जशी कोरली आहेत तशी (चूक असली तरी सुधारू नका) आणि शब्दांत वर्णन. वर्णनाचा क्रम ठरलेला असतो. आधी ढालीची जमीन (मागचा रंग), मग मधले मुख्य चिन्ह, मग दुय्यम चिन्हे, मग पट्टा किंवा काठ. त्यानंतर ढालीबाहेरचे : शिरस्त्राण, तुरा, दोन्ही बाजूंचे धारक (ढाल धरून उभे असलेले प्राणी किंवा माणसे), शेवटी ब्रीदवाक्य. नवखा नोंद करणारा हमखास चुकतो तो उजव्या-डाव्यात. ढालीची उजवी बाजू म्हणजे ती धरणाऱ्याची उजवी, म्हणजे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताची. कार्डावर हे छापूनच ठेवा. संग्रहालयात फोटोला परवानगी नसेल असे धरून वही-पेन्सिल न्या. वर्णन क्रमाने लिहिले असेल तर त्यावरून चित्र पुन्हा काढता येते. नुसत्या धूसर फोटोवरून येत नाही.

प्रश्न : शिवछत्रपतींच्या मुद्रेत फक्त श्लोक आहे, मग संस्थानिकांच्या चिन्हांत ढाल आणि दोन बाजूंना प्राणी कुठून आले? (वाचक, कागल)

उत्तर : बरेचसे १८७७ च्या दिल्ली दरबारातून. १ जानेवारीच्या त्या समारंभाच्या निमित्ताने व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने संस्थानिकांना रेशमी निशाणे दिली. त्यांवरची चिन्हे बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर याने युरोपीय साच्यात बसवली होती. आपली परंपरा वेगळी होती : पत्राच्या माथ्याला मुद्रा, शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब (समाप्तीचा शिक्का), आणि स्वारीबरोबर छत्र, मोर्चेल (मोरपिसांचा कुंचा), अबदागीर (उन्हाआडची मानाची छत्री). म्हणून संस्थानी चिन्ह पाहताना कोणता भाग साच्याचा आणि कोणता इथला, हे वेगवेगळे लिहावे.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या मुद्रांक कागदावर ढालीचा उठावदार ठसा आहे. रंग नाही, बारीक रेघा आहेत. मूळ रंग कळतील का? (वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : पुष्कळदा कळतात. एकरंगी छपाईसाठी सतराव्या शतकात युरोपात ठरलेली खूण अशी : ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे रुपेरी, उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या, उभ्या-आडव्यांची जाळी काळी. पाहणाऱ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली उतरणाऱ्या रेघा हिरव्या, उलट दिशेच्या जांभळ्या.

पण घाई नको. खोली अंधारी करून टॉर्च कागदाच्या बाजूने, दहा-पंधरा अंशांत, जवळजवळ आडवा धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेली रेघ सावली पाडत नाही, म्हणून दिसत नाही. फक्त कागदाच्या वरच्या कडेकडून प्रकाश टाकलात तर उभ्या रेघा नाहीशा होतील आणि लाल ढाल तुम्ही रुपेरी म्हणून लिहाल. दुसरा धोका छायेच्या रेघांचा. रंगाच्या रेघा सारख्या अंतरावर, एकाच जाडीने काठापर्यंत जातात. गोलाई दाखवणाऱ्या रेघा टोकाला निमुळत्या होतात. वर कागद ठेवून पेन्सिल घासू नका, उठाव कायमचा दबतो.

आणि कृपा करून तो कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेपही लावू नका. टेपचा गोंद पिवळा पडून तंतूंत मुरतो. साध्या पीव्हीसीच्या पिशवीला शाई चिकटते; पॉलिस्टरची, एका बाजूने उघडी पिशवी घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात बुरशी आणि कसर दोन्ही येतात. सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की बदला.

प्रश्न : आमच्या आडनावाचे ‘कोट ऑफ आर्म्स’ (ढालीचे कुलचिन्ह) इंटरनेटवर विकत मिळते. घ्यावे का? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नको. इंग्लंडमध्येसुद्धा चिन्ह आडनावाला मिळत नाही. ते व्यक्तीला मिळते आणि वंशजांकडे जाते. तुमच्या घरात खरे चिन्ह आहे ते देवक. छापील कुळयाद्यांत देवके आणि निशाणे एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा यादीवर विसंबू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : लग्नात देवक बसवताना कोणत्या झाडाची पाने, किती, कुठे बांधतात. ते तारखेसह लिहून ठेवा.

प्रश्न : तालमीसाठी मानचिन्ह करून घेतले : लाल ढाल, त्यावर भगवी गदा, दोन मल्ल, वाघ, देऊळ, खाली राजमुद्रा आणि तीन ओळी नाव. ध्वजावर काहीच ओळखू येत नाही. काय चुकले? (वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : गर्दी आणि रंग. जुना नियम असा की धातूवर रंग किंवा रंगावर धातू. रंगावर रंग नको. सोनेरी-रुपेरी हे धातू, लाल, निळा, हिरवा, काळा हे रंग. लालवरची भगवी गदा दहा पावलांवरून बुडते. भगवा या दोन गटांत नीट बसत नाही, म्हणून त्याची परीक्षा झेरॉक्सवर घ्या : काळ्या-पांढऱ्या प्रतीत चिन्ह जमिनीत मिसळले तर ती जोडी सोडा. भगव्यावर काळा किंवा गडद निळा चांगला उठतो.

चिन्ह एक, फार तर दोन ठेवा. उदाहरणार्थ : निळ्या ढालीवर उभी रुपेरी गदा, वरच्या एक तृतीयांश भागात सोनेरी पट्टा, त्यावर तीन लाल कमळे. एवढे वाक्य चित्रकाराला, शिंप्याला आणि शिक्केवाल्याला दिले तर तिघांचे काम वेगळ्या हातचे असूनही चिन्ह एकच राहील. ते अडीच सेंटिमीटर रुंद छापून तीन मीटरवरून पाहा. भरतकामात एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ आणि पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर घेऊ नका. वेलांट्या आणि रफार दोऱ्यात भरून जातात. ध्वजावर अक्षरे टाळाच, कारण एकेरी कापडाच्या मागून ती उलटी दिसतात. प्राणी घ्यायचा झाला तर त्याचे तोंड काठीकडे असावे, नाहीतर मिरवणुकीत तो मागे वळून पळताना दिसतो.

राजमुद्रा काढून टाका. ‘शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा’ असे तिच्यातच लिहिले आहे. ती महाराजांची आहे, तालमीची होऊ शकत नाही. नौदलाने २ सप्टेंबर २०२२ ला नवा ध्वज स्वीकारला, त्यात मुद्रेचा अष्टकोन आणि दुहेरी सोनेरी काठ घेतला, श्लोक घेतला नाही. तसे करा. प्रायोजकाच्या फलकाबाबतही सांभाळा : १९५० च्या कायद्याने शिवछत्रपतींचे नाव किंवा चित्र धंद्यासाठी परवानगीशिवाय वापरता येत नाही. आणि तालमीच्या पावतीवर अशोकस्तंभाची सिंहमुद्रा छापलीत तर २००५ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.